अळणी रविवार

“ही कोण गं? तुझी मावसबहीण काय?” सहरने विचारलं तेव्हा निशिगंधाच्या हातात डब्याचं झाकण होतं. ते तिने पुन्हा लावलं की बाजूला ठेवलं, हे तिला नंतर काही केल्या आठवेना. शनिवारची दुपार, महाप्याच्या ऑफिसचा चौथा मजला, जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी. कुंदनदादाच्या लग्नाचा अल्बम सकाळीच फोनवर आला होता. लग्न वैशाखातलं, अल्बम यायला भाद्रपद सरत आला. सहर दोन वर्षं शेजारच्या खुर्चीवर बसत आलेली, तिला परवानगी विचारायची पद्धत नव्हती. तिने फोन ओढून घेतला, दादाच्या फेट्यावर हसली, आईची नथ मोठी करून बघितली, “काकू कसल्या भारी दिसतायत” म्हणाली, आणि मग करवलीच्या फोटोवर येऊन थांबली. करवलीच्या हातात पेटता दिवा होता. हात कोपरापासून नखांपर्यंत एकाच गव्हाळ रंगाचे. ओठांच्या कडा भरलेल्या, डोळ्याच्या कोपऱ्यात काही नाही, गळा नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा सपाट. “मीच आहे ती,” निशिगंधा म्हणाली. सहरने आधी फोटोकडे बघितलं, मग तिच्या हाताकडे, त्या हातावरच्या पांढऱ्या बेटांकडे, आणि मग आपल्या डब्यातल्या भाताकडे. “अल्ला. सॉरी यार. म्हणजे... काम मस्त केलंय त्याने, हां.” आणि थोड्या वेळाने, घास न घेताच, “पण तू नाहीयेस गं त्यात.”

एवढंच झालं. रागही नीट येईना, इतका तिला थकवा आला. चौदाव्या वर्षापासून आजवर, सत्ताविसाव्यापर्यंत, ती या थकव्याला ओळखत होती. तो पायांतून वर येत नसे, मानेतून खाली उतरे, ओल्या टॉवेलसारखा खांद्यांवर बसे, आणि मग तिला कुणाशीही भांडावंसं वाटत नसे. जेवण उरकून ती पुन्हा जागेवर बसली. तिचं काम लोकांचे चेहरे बघण्याचं. कुणी कुठे बँकेत खातं उघडतं, मोबाइलवर स्वतःचा फोटो काढून पाठवतं. डावीकडे तो फोटो, उजवीकडे ओळखपत्रावरचा जुना, आणि खाली तीन चौकोन: जुळतो, जुळत नाही, शंका. दिवसाला चारशे चेहरे. कुणाची दाढी वाढलेली, कुणाचे दात गेलेले, कुणी बाई ओळखपत्रावर वीस किलोंनी बारीक. तरी ती ओळखायची. कामावर लागली तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, की माणसाचा चेहरा त्याच्या मालकीचा असतो, त्याने संमतीच्या चौकोनात खूण केल्याशिवाय आपण तो उघडूनसुद्धा बघायचा नाही. तेव्हा तिला ते वाक्य फार आवडलं होतं, वहीत लिहून ठेवलं होतं. आता पडद्यावर नागपूरकडचा कुणी म्हातारा तिच्याकडे टक लावून बघत असताना तिने मनातल्या मनात डावीकडे करवली ठेवली, उजवीकडे आपला ऑफिसच्या ओळखपत्रावरचा फोटो, आणि बोट आपोआप मधल्या चौकोनाकडे गेलं.

पहिला डाग उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरावर आला होता. नववीत होती. तिला वाटलं, शाळेच्या भिंतीचा चुना लागला. आईने नारळाच्या शेंडीने घासला, मग लिंबाने, मग पदराने, आणि पदर हातात तसाच धरून ती खाली बसली. वाशीच्या डॉक्टरने समजावून सांगितलं, की याने कुणाला काही होत नाही, कुणाला लागत नाही, जिवाला धोका नाही, मलम लावा, लावलं नाही तरी चालेल. आईने सगळं मान हलवत ऐकलं आणि बाहेर आल्यावर विचारलं, “मंग जानार कवा, ते बोलला का तो?” ते डॉक्टर बोलला नव्हता. त्याच आठवड्यात आईने रविवार धरायला लावला. सूर्यनारायणाचा रविवार. पहाटे अंघोळ, तांब्याच्या लोट्यात पाणी, त्यात रक्तचंदन आणि एक तांबडं जास्वंदाचं फूल, उगवतीला तोंड करून अर्घ्य, आणि दुपारी एकदाच जेवायचं, तेही अळणी. मीठ नाही म्हणजे नाही. लोणचं नाही, पापड नाही, ताकाला चिमूटही नाही. सारसोळे गावच्या पोरीने अळणी खायचं! खाडीवरून वारा आला की ओठांवर मीठ बसतं, वाळत घातलेल्या कपड्यांना मिठाचा वास येतो. पहिल्या रविवारी तिने चोरून ओठ चाटले होते, मग उपवास मोडला म्हणून रडली होती, आणि आईने सांगितलं होतं, “वाऱ्याचं मीठ देव धरत नाय.”

तेरा वर्षं. शाळेच्या सहली चुकवल्या, मैत्रिणींची लग्नं रविवारी आली तर केळं खाऊन परतली, पण रविवार चुकला नाही. डागही चुकले नाहीत. पेरावरून मनगटावर, मनगटावरून कोपरावर, मग ओठ, मग डोळ्याचा कोपरा, सावकाश, कुठलीही घाई नसलेल्या माणसासारखे. आणि गंमत अशी, की तिला तो उपवास कधी नकोसा वाटला नव्हता. लोट्यातून पडणाऱ्या पाण्याच्या धारेतून उगवता सूर्य बघायचा, धार थरथरली की सूर्यही थरथरतो, तेवढा एक क्षण तिला आठवड्यात कुणी काही मागत नसे आणि तीही काही मागत नसे. म्हणजे सुरुवातीला मागायची. ‘हे घालव.’ मग कधीतरी, पंचविशीच्या आसपास, मागायचं विसरायला लागली. विसरली की दिवसभर चुकल्यासारखं वाटायचं, जणू आईने आणायला सांगितलेली वस्तू न आणता बाजारातून रिकामी घरी आली.

चार वाजता नमिताताईंचा फोन आला. नमिताताई एक छोटा दिवाळी अंक काढतात, घरातल्या जेवणाच्या टेबलावर बसून, आणि निशिगंधाची कथा त्यांनी घेतली होती. पहिली छापून येणारी कथा. गेले दोन महिने हे शब्द तिने कुणासमोर उच्चारले नव्हते, दृष्ट लागेल म्हणून. “निशिगंधा, बाळा, फक्त तुझंच राहिलंय हं. फोटो आणि चार ओळी परिचय. उद्या संध्याकाळी सहापर्यंत दे, सोमवारी सगळं छापायला जातं.” ती म्हणाली, “ताई, फोटो लागतोच का?” “सगळ्यांचे आहेत गं. तुझाच नसला तर पान भकास दिसेल. आणि असा कुठला चेहरा आहे जो फोटोत येत नाही?” त्यांनी तिला कधी बघितलं नव्हतं. सगळं फोनवर आणि मेलवर. त्यांना कथेतली मुलगी माहीत होती. कथेतल्या मुलीच्या हातावर भाजल्याचा डाग आहे. लहानपणी चुलीवरचं आधण अंगावर सांडलं, हात भाजला, आणि मग ती मुलगी लोकांसमोर हात पदराखाली ठेवते, लग्नाच्या गर्दीत जेवायला वाढत नाही, असं सगळं. नमिताताईंनी लिहिलं होतं, ‘फार खरी उतरली आहे.’ ते वाचून निशिगंधाला आनंद झाला होता आणि आनंदाच्या पाठीमागे काहीतरी खरवडलंही होतं, पण ते तिने उघडून बघितलं नव्हतं. भाजणं हा अपघात. अपघाताला कुणी नाव ठेवत नाही. कुणी विचारत नाही, की तुमच्या घरात आणखी कुणाला आहे का, आजीला होतं का, पोराबाळांना येईल का. तिने कथा लिहिताना पहिल्या कच्च्या खर्ड्यात ‘कोड’ लिहिलं होतं. दुसऱ्या खर्ड्यात तो शब्द खोडून तिथे आधण सांडलं. कुणी सांगितलं नव्हतं. स्वतःच.

बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. तिने हितेशला फोन लावला. हितेशचा स्टुडिओ गावातच, गावदेवीच्या मागे; तो तिच्याबरोबर शाळेत होता आणि लग्नाचे फोटो त्यानेच काढले होते. “आला ना अल्बम? बघितलास ना? तुझ्या एकटीवर दोन दिवस बसलो मी, आईशप्पथ. हात तर एवढे डिफिकल्ट, बोटांच्या मध्ये मध्ये...” “तुला कुणी सांगितलं?” “काकू बोलली ना. हळदीच्याच दिवशी बोलली, पोरीचं जरा बघ. मी बोललो टेन्शन नको घेऊ, असा करतो की कोणाला समजणार पण नाय.” तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. “ए, काय झालं? आवडलं नाय? रंग जास्त गोरा झाला काय? डार्क करून देतो.” त्याच्या आवाजात खरोखरची काळजी होती. सबंध लग्नात तिच्या हातांकडे न बघण्याचा प्रयत्न न केलेला तो एकटाच माणूस असावा. त्याने ते दोन दिवस, बोट बोट करून, बघितले होते. आणि पुसले होते. “मूळचे फोटो आहेत का रे तुझ्याकडे?” “असतील की. पण त्यांचं काय करतेस?” ते तिलाही अजून माहीत नव्हतं. बस ठाणे-बेलापूर रस्त्यावरून रेंगाळत होती, शेजारची बाई तिच्या हातांकडे बघून आपली पिशवी दुसऱ्या मांडीवर घेत होती, अगदी हळू, तिला लागू नये म्हणून नव्हे. तिला वाटलं, या बाईला सांगावं, डॉक्टरने काय सांगितलंय ते. पण ती दमली होती. किती जणींना सांगणार. दादाच्या हळदीला मात्र दोन दिवस बरे गेले होते. हळद लागली की सगळ्यांचेच हात पिवळे. धुतल्यावर इतरांची हळद उतरली आणि तिच्या डागांवर मात्र ती जरा जास्त टिकली, पांढऱ्याच्या जागी पिवळी बेटं, आणि लग्नाची गाणी, धवला, गाणाऱ्या म्हातारीने तिचा हात हातात धरून म्हटलं होतं, “हलद तुलाच जास्त मानवली गो बाय.” सगळ्या हसल्या होत्या. आई हसली नव्हती.

घरी आई ओट्याशी बसून उद्यासाठी जवळा निवडत होती. यशोदाबाई. गावात तिला अजून सगळे देवजीची यशोदाच म्हणतात, नवरा, देवजी, जाऊन सहा वर्षं झाली तरी. खाली दोन गाळे भाड्याने दिलेले, वर हे तीन खोल्यांचं घर. दादा-वहिनी वहिनीच्या माहेरी गेलेले. प्रिया, धाकटी, आतल्या खोलीत केसांना मेंदी लावून बसली होती. तिचं लग्न ठरलं होतं घणसोलीला, साखरपुडा दसऱ्यानंतर. मुलाकडचे बघायला आले त्या दिवशी निशिगंधा नेरूळच्या मॉलमध्ये तीन तास एका बाकावर बसून होती. कुणी ‘जा’ म्हटलं नव्हतं. आईने सकाळी फक्त तिच्याकडे बघितलं होतं, आणि तीच म्हणाली होती, “मला ऑफिसचं काम आहे, मी जाऊन येते.” आईने लगेच तिच्यासाठी डबा भरला होता. इतक्या लगेच.

“आये, हितेशला तू सांगितलंस?”

आईचं बोट जवळ्यात थांबलं नाही. “मंग कोन सांगनार? लग्नाचे फोटो जन्मभर ऱ्हातात. लोक बघतात.”

“माझे हात मला न विचारता?”

“तुझ्या हाताचं मी वाईट केलं का काय? आं? मलम मी लावलं, लेप मी लावले. ह्ये पन त्यातलंच.”

“त्याने मलाच पुसलं आये. सहरने ओळखलं नाही मला.”

“कोन सहर?” आई म्हणाली, पण विचारायचं म्हणून विचारलं नव्हतं. मग जरा आवाज उतरवून, “बरा फोटो आलाय. तुझं ते पुस्तकात छापून येनार हाय ना, त्यात पन त्योच दे.”

म्हणजे आईला माहीत होतं. प्रियाने सांगितलं असणार. प्रिया दारात आली, डोक्यावर मेंदीची टोपी, मानेवर हिरवे ओघळ. “ताई, तोच दे ना गं खरंच. माझ्या होणाऱ्या सासूबाईंच्या घरी दिवाळी अंक येतात. चार-चार. त्या वाचतात.” “मग वाचू देत.” “आणि फोटो बघतील. त्यांना अजून माहीत नाहीये.” “मग सांग त्यांना.” “मी सांगू? साखरपुड्याच्या आधी? तू काय वेडीबिडी आहेस का?” प्रियाचा आवाज चिरकला. “दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. पुढच्या वर्षी छाप ना तुला हवा तसला फोटो. बॅनर लाव गावात, मी काय बोलणार नाही. तू हक्क हक्क करतेस, तुझा चेहरा तुझा, मग माझं लग्न कुणाचं आहे? ते तुझ्या हातावर आलंय, पण मोजतात आम्हाला पण त्याच्यात.” हे खरं होतं. तिने बहिणीच्या मानेवरचा ओघळ अंगठ्याने पुसला, आपल्याच ओढणीला लावला, आणि प्रिया मान न काढता तशीच उभी राहिली, रागाने श्वास घेत. त्या दोघी एका पलंगावर झोपत आल्या होत्या. प्रियाने कधी पाय आखडून घेतला नव्हता, कधी वेगळं पांघरूण मागितलं नव्हतं. लहानपणी ती डागांना बेटांची नावं द्यायची. कोपरावरचा करंजा, मनगटावरचा घारापुरी.

रविवारी पहाटे तिने लोटा भरला. जास्वंद एकच उमललं होतं, तेही किडीने कुरतडलेलं, पण तांबडं. गच्चीवर गेली. सारसोळ्याच्या गच्चीवरून उगवतीला नेरूळच्या उंच इमारती दिसतात, त्यामुळे सूर्य इथे पंचांगापेक्षा वीस मिनिटं उशिरा येतो, आणि एकदम वर आलेलाच दिसतो. तिने धार सोडली. आज मागायचं होतं खरं तर. फोटोचं काय करू ते सांग, असं विचारायचं होतं. पण धारेतून बघताना तिला स्वतःचे दोन हात दिसले, लोटा धरलेले, ऊन त्यांच्यावर पडलेलं, आणि उन्हाला पांढऱ्या-गव्हाळाचं काही नव्हतं, दोन्हींवर ते सारखंच बसत होतं. तिच्या मनात आलं, तेरा वर्षं मी याच्यासमोर हेच हात जोडते आहे. याने ते बघितले नसतील असं थोडंच आहे. त्याला जर काही पुसायचं असतं... आणि विचार तिथेच थांबला, पुढे नेण्याचा धीर झाला नाही. पाणी संपलं. तिने भिजल्या जागी बोट टेकवून कपाळाला लावलं.

मग खाली येऊन तिने कथा उघडली. हितेशवर आलेला राग कालपासून कुठे ठेवावा तिला कळत नव्हतं, तो आता आपसूक जागेवर गेला. सतरा पानं. आधण कुठे कुठे सांडलं होतं, ते शोधायला वेळ लागला नाही. भाजल्याचं वाक्य काढलं की त्याच्या आधारावर उभं असलेलं दुसरं पडे, तिसरं पडे. चूल गेली, चुलीजवळ बसलेली काकू गेली, काकूने केलेला आरडाओरडा गेला. हितेशला दोन दिवस लागले म्हणे. तिला किती लागले होते? बोटांच्या मध्ये मध्ये तिनेही किती बारीक काम केलं होतं! आणि नमिताताईंना ते ‘खरं’ वाटलं होतं, जसा सहरला फोटो ‘मस्त’ वाटला. तिने खोडलं. जिथे आधण होतं तिथे एक मुलगी बोटावरचा चुना घासते आहे, एवढंच लिहिलं. चुना जात नाही. खाली आई पदर हातात धरून बसली आहे. लिहिताना तिला रडू आलं नाही, उलट एक शीण आला, बाळंतपणाचं घरात बायका सांगतात तसा, अंगातून काहीतरी निघून गेल्यानंतरचा. वेळ बघितली तर दीड वाजला होता. कथा पाठवून दिली. वर लिहिलं, ‘ताई, थोडा बदल केला आहे. तुम्हाला नको असेल तर कथा परत घेईन. फोटो संध्याकाळी.’

घरात कालवणाचा वास भरला होता. प्रिया जेवून आत जाऊन पडली होती, दार लोटून. निशिगंधाचं ताट आईने नेहमीसारखं झाकून ठेवलं होतं. भात, बाजूला काढलेली डाळ, दुधीची भाजी, केळं. आई ओट्याला टेकून, तिच्याकडे पाठ करून, आपलं जेवत होती. ती नेहमी शेवटी जेवायची, उभ्याउभ्या किंवा अशी पाठ करून. रविवारी तिचं पित्त उठायचं, त्यामुळे मासळी नको म्हणायची. कालवण करायची सगळ्यांसाठी, आपण भात आणि काहीतरी. निशिगंधाने पहिला घास घेतला आणि तो तोंडातच राहिला. अळणी भात तेरा वर्षांत पहिल्यांदा तिला अळणी लागला. कसला हा नवस, की ज्याचं मागणंच खोटं आहे. जे घालवायचं म्हणून मी मीठ सोडलं, ते तर मीच आहे. आज सकाळी सतरा पानांवर मी ते परत आणून ठेवलं, आणि दुपारी पुन्हा तेच जावं म्हणून जेवायला बसले! तिच्या आत काहीतरी तटकन तुटलं. ती उठली, आईच्या बाजूला गेली आणि आईच्या ताटातल्या भाजीचा एक मोठा घास तिने सरळ उचलून तोंडात घातला. मीठ खायचं. आज, आत्ता, आईसमोर.

ती चावत राहिली. दुधी होती. जिरं होतं, खोबरं होतं. मीठ नव्हतं.

तिने डाळीत बोट बुडवलं. डाळही अळणी.

आई ताट आपल्याकडे ओढू बघत होती, लहान मुलीसारखी. “आगो, तुझं हाय ना तुझ्या ताटात...”

“आये, हे काय?”

“काय नाय. पित्ताला बरं असतं.”

“कधीपासून?”

आईने भाताचा मुटका करून पुन्हा मोडला. “तुझ्याबरुबरच,” ती म्हणाली. “तू चौदाची पोर. मी तुला मीठ सोडाया लावायचं आनि आपुन कालवन वरपायचं? देवाला बोलले, तिला जड जात असंल तर अर्धं मना दे. पोरीला कलू देऊ नको, नायतर ती एकलीच धरंल.” मग जरासं हसून, “कलवन्याजोगतं काय व्हतं त्यात.”

निशिगंधा जमिनीवर बसली. घरातली तेरा वर्षं तिला एकदम उलटी फिरवून बघावी लागली, आणि प्रत्येक रविवारी ओट्याकडे तोंड केलेली ही पाठ दिसत राहिली. आजारपणातली पाठ, वडील गेले त्या आठवड्यातली, दादाच्या लग्नानंतरच्या रविवारची, पाहुण्यांना कालवण वाढून आलेली. तिला वाटत होतं, आई तिला लपवते. आई स्वतः लपून तिच्याशेजारी उभी होती, तीच भूक धरून. आणि तरीही, हे कळून तिला हलकं वाटेना. उलट हा भार जास्त होता. लेप, मलम, हितेश, आणि हे मीठ, सगळं एकाच हाताने दिलेलं. इतकं प्रेम, आणि ते सगळं तिच्या नसण्यासाठी चाललेलं. ती आईला कसं सांगणार होती? रागावून सांगता आलं असतं, एका घासापूर्वी. आता रागही उरला नव्हता. फक्त ती होती, आई होती, आणि मिठाची बरणी ओट्याच्या कोपऱ्यात होती, जिथे ती कायम असते.

ती उठली. बरणीचं झाकण काढलं, चिमूट घेतली आणि आईच्या ताटात, भाजीवर, डाळीवर घातली. आईने हात मध्ये आणला. “आगो, आगो, काय करतंस! आसं मधीच मोडतात व्हय?”

“मोडत नाही. सोडवतेय.” तिचा आवाज तिलाच अनोळखी, पण बारीकच होता. “माझ्यासाठी धरलंस ना? मग मी सांगते, आता सोड. या अंगाचं कुणी किती धरायचं, ते मला सांगता येतं आये. एवढं तरी माझं आहे.”

“आनि तुझा?”

“माझा मी ठेवणार. पण मागणार काही नाही. आणि आये, फोटो मी खरा देणार. प्रियाच्या सासूबाईंना तू सांग, नाहीतर मला ने, मी त्यांच्यासमोर बसते. पण मॉलमध्ये नाही बसणार पुन्हा.”

खालच्या गाळ्यात कुणीतरी शटर ओढलं. “मोडलं तर?” आई म्हणाली. तिला लग्न म्हणायचं होतं. निशिगंधा तशीच उभी राहिली, बरणीचं झाकण हातात. आईने मग ताटाकडे बघितलं, जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे, आणि एक लहान घास घेतला. चावला. तिचं तोंड वाकडं झालं. “खारट झालं गो,” ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ती खात राहिली.

आतलं दार उघडं होतं. ते कधी उघडलं, दोघींनाही कळलं नव्हतं. प्रिया उंबऱ्यात उभी होती, तांबूस सुटे केस, सुजलेले डोळे. तिने आईच्या ताटाकडे बघितलं, ताईच्या हातातल्या झाकणाकडे बघितलं. मग आत गेली, कपाट आपटलं, आणि बाहेर येऊन हिरवा कुर्ता ताईच्या अंगावर फेकला. “हा घाल. त्या फोटोतल्या पिवळ्यात तू कशी पण दिसतेस.” आणि जिन्याकडे जाता जाता, पाठ करून, “त्यांना मी सांगेन. आज नाही. पण अंक येण्याच्या आधी सांगेन. ओरडू नकोस माझ्यावर तोपर्यंत.” कुणीच ओरडलं नव्हतं.

गच्चीवर पाच वाजताचं ऊन तिरपं झालं होतं. प्रियाने फोन धरला, तिला इकडे सरक, तिकडे बघ केलं, हात पाठीमागे घेऊ दिले नाहीत. फोटो काढून झाल्यावर तिचं बोट सवयीने पडद्याच्या कडेला गेलं, जिथे चेहरे गुळगुळीत करायचं चिन्ह असतं. तिथेच थांबलं. “नको ना?” “नको.” निशिगंधाने फोटो बघितला. डोळे दमलेले होते, त्यांच्याखाली काळं होतं, ओठांच्या कडा पांढऱ्या, मनगटावर घारापुरी. फार बरा फोटो नव्हता. पण चारशे चेहऱ्यांत आला असता, तर तिने क्षणभरही न थांबता पहिल्या चौकोनात खूण केली असती. सहाला दहा मिनिटं कमी असताना तो, चार ओळींच्या परिचयासकट, गेला. नमिताताईंचं काही उत्तर नव्हतं, कथेचंही नव्हतं. कदाचित त्यांना आधण सांडलेली कथाच बरी वाटली असेल. वाटो.

ती खाली आली तेव्हा आई भांडी घासून उपडी घालत होती. मिठाची बरणी जागच्या जागी, झाकण लावलेली. आईने वळून बघितलं नाही. तिने हिशेब करावा तसं, नळाच्या आवाजातून विचारलं, “पुढल्या रविवारी डाळ किती काढू बाजूला? एकीची?”

“एकीची,” निशिगंधा म्हणाली.